बंद पडलेल्या थांब्याचा इतिहास कसा काढावा : बार्शी लाईटच्या वाटेवरून

माझे वडील बार्शी लाईटवर, म्हणजे कुर्डुवाडी-बार्शीच्या अरुंद रुळाच्या नॅरोगेज रेल्वेवर, गँगमन होते, पुढं चावीवाले झाले. पहाटे खांद्यावर हातोडा टाकून ते रुळावरून चालत निघायचे. सैल चावी, म्हणजे रूळ घट्ट धरणारी पाचर, दिसली की ठोकायची, कुठं खडी खचली असेल तर मुकादमाला सांगायचं. बार्शीच्या पूर्वेला, येडशीकडं जाणाऱ्या वाटेवर आमचा थांबा होता. मुरमाचा उंचवटा, पत्र्याची एक शेड, पाटी आणि एक झाड एवढाच. नॅरोगेज गेली, २००८ साली कुर्डुवाडी-उस्मानाबाद ब्रॉडगेज सुरू झाली आणि नवा रूळ आमच्या थांब्याला सोडून गेला. आता तिथं वेडी बाभूळ माजली आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन सोलापुरात राहायला आले तेव्हा ठरवलं की या थांब्याचा इतिहास लिहायचा. तीन वर्षं लागली, सेहेचाळीस पानं झाली. तुमच्याही गावाजवळ असा थांबा असेल आणि तो माहीत असलेली माणसं अजून हयात असतील, तर मी हे कसं केलं ते सांगते. म्हणजे माझे हेलपाटे तुम्हाला पडणार नाहीत.

पहिलं काम म्हणजे संपूर्ण लाईनीची सालं एका कागदावर लिहून भिंतीला लावा. ही सोपी गोष्ट मी आधी केली नाही आणि फसले. गावातल्या तीन म्हाताऱ्यांनी सांगितलं, "विंग्रजानं अठराशे सत्त्याण्णवला बांधलंय हे." तिघं एकच सांगतात म्हटल्यावर मी तसंच लिहिलं. पण १८९७ साली बार्शी लाईट फक्त कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली होती, एकवीस मैल. तेव्हा कुर्डुवाडी स्टेशनाला बार्शी रोड म्हणत. ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) रेल्वेची मोठी लाईन तिथं १८५९ साली पोचली, १८६० साली सोलापूरला. बार्शी शहर मात्र लाईनीपासून लांब राहिलं आणि कापूस, धान्य बैलगाडीनं बार्शी रोडला यायचं. म्हणून ही छोटी लाईन. मग १९०६ला पंढरपूर, १९०७ला तडवळे, १९११ला लातूर आणि १९२७ला मिरज. सगळी मिळून २०२ मैल. आमचा थांबा बार्शी आणि तडवळ्याच्या मधला, म्हणजे १९०७च्या आधी तिथं रूळच नव्हता. म्हातारे खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी बार्शी लाईट ही एकच गोष्ट होती आणि तिचं साल एकच होतं. पण लिहिणाऱ्यानं तेवढ्यावर थांबून चालत नाही. भिंतीवरचा तो कागद मला पुढं वीस वेळा उपयोगी पडला.

त्याच कागदावर मालकी कुणाची ते लिहा. १८९५ साली लंडनमध्ये कंपनी निघाली, तिच्यामागं एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंजिनियर होता. १९५४ साली सरकारनं ती विकत घेतली आणि लाईन मध्य रेल्वेत आली. आणखी एक नोंद बहुतेकांच्या ध्यानात नसते : सोलापूर विभाग १९६६ ते १९७७ दक्षिण मध्य रेल्वेत होता, म्हणजे मुख्यालय सिकंदराबादला. त्या अकरा वर्षांचा एखादा कागद मुंबईत सापडत नसेल तर तो नाहीच असं समजू नका.

आता जमीन. चैत्र-वैशाखात जा, गवत वाळलेलं असतं तेव्हा. सकाळी लवकर जा, कारण तिरप्या उन्हात भराव उठून दिसतो, दुपारी सगळं सपाट वाटतं. पायात बूट हवेत आणि हातात काठी, आपल्याकडं फुरशी फार. जाण्याआधी घरी बसून उपग्रहाचं चित्र बघा. गूगल अर्थवर मागच्या सालांची चित्रंही असतात. पांदीचा रस्ता बांधाबांधानं काटकोनात वळतो, पण रूळ तसा वळू शकत नाही. एखादी लांब, सावकाश वळणारी रेघ शेतांना तिरकी कापत गेलेली दिसली की ती रुळाची वाट. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. जुना, मैलाला इंचाचा नकाशा मिळाला तर उत्तमच.

जागेवर गेल्यावर भरावाच्या दोन्ही बाजूंचे उथळ खड्डे पाहा. भरावाची माती तिथूनच काढलेली असते आणि पावसाळ्यात त्यात पाणी साठतं. गावातल्या म्हशी त्यात बसतात, पण ते खड्डे कशाचे हे आता कुणाला ठाऊक नाही. मग मोऱ्या मोजा. प्रत्येक मोरीचं माप घ्या, दगडावर नंबर कोरलेला किंवा रंगवलेला असेल तर फोटो घ्या. आमच्या मोऱ्या मला लहानपणी मोठ्या वाटायच्या, आता बघितल्या तर किती चिमुकल्या! त्याचं कारण कॅलथ्रॉपच्या विचारात आहे. रूळ अडीच फुटी, हलका. त्यावर जड गाडी चालवायची तर वजन पुष्कळ चाकांवर वाटायचं, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार द्यायचा नाही. गाड्या इंग्लंडातल्या लीड्सच्या कारखान्यात बनल्या आणि आधी तिथंच जवळ न्यूलेला चालवून पाहिल्या. भार कमी, म्हणून पूल-मोऱ्या हलक्या आणि लाईन स्वस्त. हे मी पुस्तकातून वाचलं होतं, पण मोरीच्या तोंडाशी टेप धरून बसले तेव्हा समजलं.

रुळाचे तुकडे अजून दिसतात, कुंपणाला, गोठ्याच्या आढ्याला, विहिरीवर. रुळाच्या उभ्या अंगावर उठावाची अक्षरं असतात : कारखान्याचं नाव, साल, वजन. गंज असेल तर पातळ कागद धरून वरून कोळसा फिरवा, अक्षरं उमटतात. एवढं लक्षात ठेवा की रुळावरचं साल हे रूळ कारखान्यात तयार झाल्याचं असतं, थांब्याचं नव्हे. रूळ इकडून उचलून तिकडं घालतात. आणि कुठलीही वस्तू उचलून घरी आणू नका. रेल्वेची मालमत्ता विनापरवाना बाळगणं हा १९६६च्या कायद्याखाली गुन्हा आहे. फोटो आणि माप पुरे. शेजारी चालू ब्रॉडगेज असेल तर तिच्यावर पाऊलही ठेवू नका.

महसुली कागदांकडं बहुतेक लोक जातच नाहीत, आणि मला सगळ्यात पक्का पुरावा तिथंच मिळाला. रेल्वेनं जमीन घेतली म्हणजे कुणाच्या तरी शेतातून घेतली. शेताचं क्षेत्र कमी झालं की त्याची नोंद होते. ती कमी-जास्त पत्रकात, म्हणजे कजापात. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गाव नकाशा, कजाप आणि आकारबंद (शेतांचं क्षेत्र आणि सारा यांची नोंदवही) यांच्या नकला मागा. गाव नकाशावर रेल्वेची पट्टी दोन समांतर रेघांनी दाखवलेली असते आणि थांब्याच्या जागी ती पट्टी फुगते. आमच्या नकाशावर ती फुगीर जागा बघितली तेव्हा मला वडिलांची आठवण येऊन रडू आलं. कारण शेड कुठं होती याबद्दल गावात दोन मतं होती आणि वडील सांगायचे तीच जागा बरोबर निघाली.

नकला मागताना एक अडचण येईल. आजचा गट नंबर सांगितला तर जुना कागद सापडणार नाही. शेतजमिनींच्या एकत्रीकरणाआधी सर्व्हे नंबर होते. म्हणून आधी गट नंबरावरून जुना सर्व्हे नंबर काढा, मग कजाप मागा. जुने सातबारे आणि फेरफार आता 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत, घरबसल्या बघता येतात. बऱ्याच जुन्या नोंदी मोडीत आहेत. मोडी येत नसेल तर वाचणाऱ्याला मेहनताना द्या, अंदाजानं वाचू नका. आणि थांबा धाराशिव जिल्ह्याच्या हद्दीत पडत असेल तर जुने कागद उर्दूतही असू शकतात. बार्शी इंग्रजी अमलात होती आणि पलीकडचा मुलूख निजामाचा. एकाच लाईनीवरच्या दोन शेजारच्या थांब्यांची दफ्तरं दोन वेगळ्या राज्यांत गेली, हे आधीच ध्यानात घेतलं तर डोकं शांत राहतं.

आता तिकिटं. थांब्याचं नाव छापलेलं पुठ्ठ्याचं एखादं तिकीट गावात कुणाच्या तरी ट्रंकेत, पोथीत किंवा देवाच्या फोटोमागं असतंच. आमच्याकडं ते एका चुलतीच्या कुंकवाच्या डबीत निघालं. मशीननं दाबलेली तारीख पुसली असली तरी तिकीट आपलं वय सांगतं. भाडं आण्यात असेल तर १९५७च्या आधीचं, कारण त्या सालच्या एप्रिलपासून दशमान नाणी आली. 'नये पैसे' लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ मधलं, कारण १९६४ साली 'नये' गळून नुसते 'पैसे' राहिले. बार्शी लाईटची आद्याक्षरं असतील तर १९५४पूर्वीचं. दक्षिण मध्यची असतील तर १९६६ ते १९७७. तिसरा वर्ग छापला असेल तर १९७४च्या आधीचं, त्या साली तिसरा वर्गच बंद झाला. छापलेली तिकिटं संपेपर्यंत जुनीच वापरायचे, म्हणून एक-दोन सालं पुढंमागं धरा. चुलतीच्या तिकिटावर दक्षिण मध्य आणि तिसरा वर्ग, दोन्ही. म्हणजे १९६६ आणि १९७४च्या मधलं, फार तर थोडं पुढचं. मग तिला विचारलं, "हे कधीचं?" ती म्हणाली, "सुकडीच्या साली म्हायेरी गेले व्हते तवाचं." सुकडी, म्हणजे कोरडं पौष्टिक खाणं, वाटली ती बहात्तरच्या दुष्काळात, दुष्काळी कामावर. तिकीट आणि चुलती, दोघांचं जुळलं.

यावरून माणसांना कसं विचारायचं तेही सांगते. साल विचारू नका. "कोणत्या साली?" म्हटलं की माणूस गांगरतो किंवा तुम्हाला बरं वाटावं म्हणून एखादा आकडा फेकतो. त्याऐवजी खुंट्या ठोका : रझाकाराच्या आधी की नंतर? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा, म्हणजे १९६७ला? बहात्तरच्या आधी? किल्लारीच्या आधी? तुमचं लग्न झालं होतं का, थोरला शाळेत जात होता का? या खुंट्यांना आठवण अडकवली की साल आपोआप हाती येतं.

एकट्याला गाठा. पारावर चौघांत विचारलं की जो मोठ्यानं बोलतो त्याचंच सगळे खरं धरतात. आणि बायकांना वेगळं विचारा, हे मी कळकळीनं सांगते. पुरुषांनी मला इंजिनाचे नंबर सांगितले, शेजारच्या स्टेशनाचा मास्तर कसा होता, गाडी किती उशिरा यायची ते सांगितलं. थांब्याचा खरा वापर काय होता ते बायकांनी सांगितलं. दुधाच्या कासंड्या आणि भाजीच्या पाट्या घेऊन बार्शीला कोण जायचं, गार्डाकडून तिकीट न घेता बसलेल्या बाईला तो काय म्हणायचा, आषाढीला गाडीत पाय ठेवायला जागा नसायची तेव्हा लेकरं खिडकीतून आत कशी द्यायची. एक आजी म्हणाली की अडलेल्या जावेला बाजेवर घालून थांब्यावर आणलं आणि गार्डानं आपल्या डब्यात घेऊन बार्शीला नेलं. ही गोष्ट कुठल्याही दफ्तरात नाही. तिच्या पुतण्याचं, म्हणजे तेव्हा जन्मलेल्या मुलाचं, वय आणि त्याचा शाळेचा दाखला बघून मी तिचं साल काढलं.

हद्दीवरच्या थांब्याला आणखी एक विचारा : करोडगिरी. निजामाच्या राज्यात माल आणता-नेताना तो कर लागायचा. आमच्या गावच्या एका आजोबांच्या वडिलांचं मिरचीचं गाठोडं त्यासाठी उघडलं होतं. कुठल्या स्टेशनावर, ते त्यांना नक्की सांगता आलं नाही. मी दोन शक्यता लिहिल्या आणि तसंच ठेवलं.

ध्वनिमुद्रण करण्याआधी परवानगी घ्या आणि नाव छापायचं की नाही तेही तेव्हाच विचारा. दोघींनी मला नाव नको म्हटलं, मी घातलं नाही. फोटो असेल तर घरी नेऊ नका, तिथंच नीट उजेडात मोबाईलवर काढून घ्या आणि मागच्या बाजूचाही काढा. मागं लिहिलेलं असतं. आधी रूळ, मोरी, शेड यांची छापलेली चित्रं दाखवलीत तर आठवणी भराभर येतात, हा अनुभव. वडिलांची जुनी चावी ठोकायची हातोडी मी सोबत न्यायचे. ती हातात घेतली की जुने खलाशी, गँगमन न विचारता बोलू लागायचे. फिशप्लेट, पहार, ट्रॉली, 'लाइन क्लियर' हे त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या, सुधारू नका.

सरकारी कागद मागायचे तर आधी एक समजून घ्या. जिथं समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडतात, लाइन क्लियर, म्हणजे पुढची लाईन मोकळी असल्याची परवानगी, दिली जाते, ते स्टेशन. आमच्यासारख्या थांब्याला सिग्नल नाही, मास्तर नाही, म्हणून त्याचं स्वतःचं रजिस्टरही नाही. नोंद असेल ती दोन्ही बाजूंच्या स्टेशनांच्या दफ्तरात आणि वेळापत्रकात. म्हणून 'अमुक थांब्याचा इतिहास द्या' असा अर्ज करू नका. मी तसाच केला होता आणि उत्तर आलं की अशी माहिती उपलब्ध नाही. माहिती अधिकारात इतिहास तयार करून मिळत नाही, असलेला कागद मिळतो. तो नावानिशी मागा : थांब्याचा स्टेशन कोड, वर्गीकरण, रेल्वेचा जमीन नकाशा, थांबा बंद केल्याचा आदेश, शेवटचं नॅरोगेज वेळापत्रक. आणि शेवटी हे वाक्य जरूर घाला : 'कागद नष्ट केला असल्यास तो नष्ट केल्याची नोंद द्यावी.' शुल्क दहा रुपये, तीस दिवसांत उत्तर. दुसऱ्या कार्यालयाकडं कागद असेल तर पाच दिवसांत अर्ज तिकडं पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, ते कलम सहा-तीन अर्जातच लिहा. दुसऱ्या अर्जाला मला जमीन नकाशाची नक्कल मिळाली. ती भूमी अभिलेखच्या नकाशाशेजारी ठेवली आणि फुगीर जागा तंतोतंत जुळली.

गॅझेटियर वाचाच, १८८४चं मुंबई इलाख्याचं सोलापूर गॅझेटियर. त्यात बार्शी लाईट नाही, ती नंतरची. पण लाईन येण्याआधी बार्शीचा व्यापार कसा होता, माल कुठून कुठं जायचा ते सापडतं आणि थांबे तिथंच का पडले याचा अंदाज येतो. जुन्या वर्तमानपत्रांसाठी सोलापुरात ग्रंथालयांतून बसा. सगळी पानं चाळायची गरज नाही. आषाढी-कार्तिकीच्या आधीचा आठवडा, अर्थसंकल्पाचे दिवस आणि मोठा पाऊस झाल्याच्या तारखा एवढ्या बघा. छोट्या लाईनीची बातमी याच वेळी येते.

लिहिताना तीन रंगांची शाई वापरा. कागदावरून आलेलं काळ्यानं, जागेवर स्वतः पाहिलेलं निळ्यानं, कुणी सांगितलेलं हिरव्यानं. पहिल्या खर्ड्यात हे मिसळू देऊ नका. नंतर संगणकावर घेताना प्रत्येक वाक्यापुढं कुठून आलं ते कंसात ठेवा. दोन माणसांचं सांगणं वेगळं असेल तर दोन्ही लिहा, मधलं काढून तिसरंच लिहू नका. थांबा बंद का झाला याबद्दल आमच्या गावात दोन मतं आहेत : 'मार्ग बदलला म्हणून' आणि 'एसटी आली तेव्हाच बसणारे कमी झाले होते म्हणून'. मला वाटतं दुसरं आधी झालं आणि पहिलं नंतर. पण ते माझं मत म्हणून वेगळ्या परिच्छेदात आहे.

प्रती पाच काढा. एक ग्रामपंचायतीला, एक शाळेला, एक तालुक्याच्या वाचनालयाला, एक ज्यांनी सांगितलं त्यांच्यात फिरवायला आणि एक घरी. मागं दहा कोरी पानं शिवा. छापण्याआधी मी सगळा मजकूर गावात मारुतीच्या देवळात वाचून दाखवला, दोन संध्याकाळी. थांब्यावरचं झाड मी सगळीकडं लिंब लिहिलं होतं. चुलती उठून म्हणाली, "लिंब न्हाई बाई, करंज. तुझा बा तिच्या बियांचं तेल कंदिलात घालायचा." दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाऊन बुंधा शोधला. खोडाला फुटवे आले होते, पानं करंजीची. लिंब आता चौदा ठिकाणी बदलून करंज केलं आहे, आणि कोऱ्या पानांतल्या पहिल्या पानावर तेलाची ओळ चुलतीच्या नावानं लिहिली आहे, तिच्या परवानगीनं.